झाकणावरचा शेंदूर

मुळा धरणाच्या राहुरीकडच्या काठावरचे लोक आम्हाला ‘पलीकडचे’ म्हणायचे, आणि आम्ही त्यांना. मध्ये धरणाचं पाणी. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा घालण्यात अर्धा दिवस मोडायचा, म्हणून दूध, कांद्याच्या गोण्या, बाळंतिणी, नवऱ्या मुली, शेळ्या आणि कॉलेजात जाणारी मी, असं सगळं एकाच होडीतून जायचं. होडी गावच्या सोसायटीची. ती माझे वडील चालवायचे. किती वर्षं चालवली ते मला नीट सांगता येणार नाही, पण मला कळायला लागलं तेव्हा ते होडीवरच होते, आणि मी कॉलेजात असताना होडी त्यांच्या हातून गेली. ती कशी गेली, तेवढंच मला इथं लिहायचं आहे. माझ्या भावंडांना वाटतं मी हे लिहू नये. ती तेव्हा लहान होती. त्यांना त्या दिवसांतली फक्त माशांची आमटी आठवते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. नाव शमुवेल, गावाच्या जिभेवर ते शामुल झालेलं. आम्ही ख्रिस्ती. पणजोबांच्या वेळी कधीतरी मिशनच्या साहेबानं बाप्तिस्मा दिला, त्यानं घरात अक्षरं आली, नावं बदलली, पण गावातली आमची जागा होती तिथंच राहिली, सगळ्यांच्या खाली, नदीच्या अंगाला. त्यामुळे धरण भरलं तेव्हा पहिलं पाणी आमच्याच दारात आलं. मग सोसायटीनं धक्क्याजवळ पत्र्याच्या दोन खोल्या दिल्या, होडी चालवणाऱ्याला राहायला म्हणून. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आई दुपारी आम्हाला घेऊन बाहेर बाभळीखाली बसायची. तरी ती त्या खोल्यांना ‘माझं घर’ म्हणायची. मला आता तिच्या त्या दोन शब्दांचं फार वाईट वाटतं.

घरात पेट्रोलचा वास कायम असायचा. आई आबांचे कपडे वेगळे धुवायची, तरी आमच्या गोधड्यांनासुद्धा तो यायचा, आणि कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी पहिले काही दिवस सारखी नाकाला रुमाल लावायची. पेट्रोलमध्ये वंगणाचं टूटी ऑइल आबा घरीच मिसळायचे, ओसरीत बसून, पितळी मापानं. ते चालू असताना चूल पेटवायची नाही असा नियम होता, त्यामुळे आमच्याकडं सकाळचा चहा आधी इंजनाचं पोट भरल्यावर. मग आई भाकऱ्या थापायला बसायची. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि जाळंवाल्यांनी आबांच्या हातावर चिलापी ठेवलेली असली तर तिची लाल आमटी. जेवताना आबांच्या नखांत काळं दिसायचं आणि आई विचारायची, हात धुऊन आलात का इंजनाचे हात धुऊन आलात. फळीवर बायबल होतं आणि त्याच्या शेजारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात प्लग, पिना, वायसर. रविवारी उपासनेला निघताना आबा बायबल ओढून काढायचे तेव्हा तो डबा खुळखुळायचा. आई त्यालाच आमची चर्चची घंटा म्हणायची.

इंजन टू-स्ट्रोक, जुनंपानं. समुद्राकडच्या कुणा मच्छीमारानं काढून टाकलेलं सोसायटीनं आणलं होतं. खाऱ्या पाण्यानं रंग खाल्लेला, कंपनीचं नाव कुठंच उरलेलं नाही. होडीच्या मागच्या फळीला ते अडकवायचं, खाली पाण्यात त्याचा पंखा, आणि चालवणाऱ्याच्या पायाशी लाल पत्र्याची पेट्रोलची टाकी. टाकीतून एक रबरी नळी इंजनाला जायची आणि नळीच्या मध्ये लिंबाएवढा रबरी फुगा. तो मुठीत दाबत राहायचं. टणक लागला की पेट्रोल पोचलं. मग चोक ओढायचा, मग दोरी. सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडायची. ती पडली म्हणजे आत थंड पाणी फिरतंय. ‘मुततंय का बग गं’, असं आबा मला भरल्या होडीत विचारायचे आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला त्याची लाज वाटायची. त्यांना सगळं यायचं असं नाही. कित्येकदा ते भलतंच काहीतरी उघडून बसायचे आणि तोवर प्रवासी वल्ही मारत काठ गाठायचे. पण चिडायचे नाहीत. प्लग काढायचा, पुसायचा, घरी असले तर चिमट्यात धरून चुलीवर शेकायचा, परत बसवायचा. करंट नसेल नाहीतर पेट्रोल येत नसेल, तिसरं काय असणार, असं म्हणायचे. तिसरं असतं, हे आम्हाला त्या वर्षी कळलं.

खंडेनवमीला सगळ्यांची अवजारं पुजतात तसं इंजनही पुजलं जायचं. आदल्या दिवशी आबा ते होडीवरून उतरवायचे, टाकीसकट लखलखीत घासायचे आणि सोसायटीच्या चेअरमनांच्या दारातल्या लिंबाखाली पाटावर नेऊन ठेवायचे. चेअरमनांना सगळे नाना म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला आक्का. आक्का पूजा करायच्या, नाना नारळ फोडायचे, आणि आबा बाजूला हात मागं बांधून उभे राहायचे. ते हात जोडायचे नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि इतकी वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट खोबरं वाटताना आबांचा तुकडा आठवणीनं काढला जायचा. ते तो घरी आणायचे आणि आई त्याची चटणी करायची. चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही, ही कामगिरी माझ्याकडं होती.

त्या वर्षी मात्र हवा बदललेली होती. राहुरीच्या स्टँडवर चहाच्या टपऱ्यांतून टेपवर देवाधर्माची भाषणं लागलेली असायची, भिंतींवर हातहात उंचीची अक्षरं आली होती, आणि एरवी खालच्या मानेनं जाणारी पोरं एकदम छाती काढून चालायला लागली होती. आमच्या गावात आम्हाला कुणी काही केलं नाही. पण त्या खंडेनवमीला नानांचं हळदकुंकवावर भागलं नाही. आक्कांनी वाटीत तेल घालून शेंदूर कालवला, इंजनाच्या डोक्यावर लावला, आणि मग टाकीच्या गोल झाकणावर, बोटानं, चांगला जाड. वर अक्षता. आता, त्या झाकणाच्या मधोमध सुईएवढं एक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी त्या भोकातून हवा आत जाते. ती गेली नाही तर पेट्रोल पुढं सरकत नाही. त्या भोकात शेंदूर बसला. हे मी आत्ताच सांगून टाकते. आमचे ते दिवस दुसऱ्या कुणाला कोडं म्हणून वाचायला द्यावेत, अशी ती गंमत नव्हती.

शेंदूर दसऱ्याच्या उन्हात वाळला आणि रंगासारखा कडक झाला. दुसरी कसलीही घाण तिथं असती तर आबांनी ती नखानं खरवडून टाकली असती. टाकीवर धूळ बसलेली त्यांना चालत नसे. पण हा शेंदूर, आणि तो लोकांच्या देवाचा. तो आपल्या हातानं पुसला गेला आणि कुणी बघितलं, तर? पेट्रोल भरताना ते झाकण कडेनं दोन बोटांनी धरून फिरवायचे आणि शेंदराची बाजू वर करून हळूच फळीवर ठेवायचे. खुद्द आक्कांनी पूजा झाल्यावर त्याला एवढं जपलं नसेल.

दसरा झाला आणि इंजन अडायला लागलं. सकाळी दोरी ओढताच सुरू व्हायचं, आणि पाण्याच्या मधोमध आलं की आवाज पातळ व्हायचा, खोकल्यासारखं करायचं आणि बंद. आबा झाकण उघडून पेट्रोल बघायचे, असायचंच. झाकण लावायचे, फुगा दाबायचे, दोरी ओढायचे की सुरू. थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. झाकण उघडलं की आत हवा जात होती म्हणून ते सुरू होत होतं, एवढी साधी गोष्ट. आबांना वाटायचं, जरा थांबल्यामुळं ते थंड झालं. म्हणून त्यांनी करंटवर संशय धरला. प्लग बदलला, वायर बदलली, नगरला जाऊन कुणा ओळखीच्याकडून जुनी कॉइल आणली, कारण कॉइल तापली की करंट सोडते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग एकदा फुगा चपटा पडलेला दिसला तेव्हा नळी बदलली. मग कार्बोरेटर उघडला, आईच्या ताटात त्याचे सुटे भाग मांडले, मोरपिसाच्या काडीनं भोकं साफ केली. टाकीच्या आतली जाळी धुतली. टाकी उपडी केली तेव्हासुद्धा झाकण बाजूला कापडावर ठेवलेलं होतं, शेंदूर वर करून. मी ते ताट, ते कापड, ते झाकण अजून डोळ्यांसमोर आणू शकते आणि दर वेळी मला ओरडावंसं वाटतं.

लोक काय बोलायला लागले ते आईला हपशावर कळायचं. आधी बाया तिला बघून गप्प व्हायच्या, मग गप्प होईनाशा झाल्या. एक म्हणे, शामुल पेट्रोल विकतो आणि टाकीत रॉकेल भरतो. दुसरी म्हणे, तो देवापुढं हात जोडत नाही, मग इंजनानं तरी त्याचं का ऐकावं. हे दुसरं सगळ्यांना जास्त पटलं, कारण त्यात कुणाला काही सिद्ध करायला लागत नव्हतं. भागवतकाका दूधवाले आबांचे जुने दोस्त, रोज पहिल्या खेपेला त्यांचे कॅन असायचे. दूध उशिरा पोचून नासायला लागलं तेव्हा तेही आबांशी तोडून बोलायला लागले. आणि नानांचा भाचा सुभाष, जो देवळाली प्रवऱ्याला कुणाच्या तरी जीपवर ड्रायव्हर होता आणि ती सोडून आला होता, तो रोज सकाळी धक्क्यावर येऊन बसायला लागला. बसायचा आणि इंजनाकडं बघायचा. आबांनी त्याला एकदा विचारलं, शिकायचं आहे का. तो नुसता हसला.

मग तो बाजारचा दिवस आला. परतीचा पाऊस रेंगाळलेला, दुपारनंतर वारं सुटलेलं, आणि होडी खच्चून भरलेली. मी पुढच्या फळीवर जागा न मिळाल्यानं मागं आबांजवळ टाकीपाशी बसले होते. पाण्याच्या मधोमध इंजन खोकलं आणि बंद पडलं. एरवी असं झालं की होडीत टोमणे सुरू व्हायचे. त्या दिवशी कुणी बोललं नाही, कारण वारं आम्हाला आडवं रेटत बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यांकडं न्यायला लागलं होतं. पाणी आत उडत होतं. बायांनी पोरं पदराखाली घेतली, दोघांनी वल्ही धरली पण वाऱ्यापुढं त्यांचं काही चालेना, आणि भागवतकाकांचे रिकामे कॅन गडगडत एका बाजूला आले. आबांनी सवयीनं झाकणाला हात घातला. सगळे घाबरून गप्प होते म्हणून मला ऐकू आलं. झाकण सैल झालं तशी आत फुस्स करून हवा गेली आणि टाकीचा आत ओढला गेलेला पत्रा टण् करून बाहेर आला. मी आबांकडं बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी झाकण पुन्हा लावलं, मग अर्धं सैल सोडलं, आणि दोरी ओढली. इंजन सुरू झालं ते थेट काठापर्यंत. बुंधे आमच्या इतक्या जवळून गेले की कुणीतरी हात लांबवून फांदीला धक्का दिला. सैल झाकणातून पेट्रोल हिंदकळून माझ्या चपला भिजल्या, आणि आबा सगळा वेळ बिडी पेटवू नका, बिडी पेटवू नका म्हणत होते. काठाला लागल्यावर एक बाई उतरताना त्यांच्या अंगावर आली, माझ्या लेकराला मारत हुतास म्हणाली. आबांनी तिची गोणी उतरवून दिली.

घरी आल्यावर मी सगळं आईला सांगितलं, झाकणाच्या भोकात शेंदूर बसल्याचंही. ती उठली, गोधडी शिवायची सुई घेतली आणि आबांच्या पुढ्यात धरली, म्हणाली, आत्ता जा आणि टोचा. आबांनी सुई घेतली नाही. झाकण रोज सैल ठेवून होडी चालवता येणार नव्हती, एखाद्या बिडीनं सगळे जळाले असते, हे त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं. तरी ते बसून राहिले. मग म्हणाले, ‘टाकी चार मानसांत अस्ती. शेंदूर कुनी खरवडला, येवढंच इचारतील. का खरवडला ते कोन इचारनार हाय?’ मी म्हटलं, कुणी नसताना करा, मी येते बरोबर. त्यावर ते माझ्यावर चिडले, जे ते कधी करत नसत. ज्या इंजनाला त्यांनी इतकी वर्षं हाताळलं त्याला आता चोरासारखा हात लावायचा का, म्हणाले. नाना शहाणे आहेत, नानांना सांगतो, आक्कांच्याच हातानं तेवढा शेंदूर निघाला की कुणाचं बोट कुणावर राहणार नाही. आई म्हणाली, तुम्हाला माणसं कळत नाहीत, इंजनच कळतं, आणि तेही धड नाही. ती हे चिडून म्हणाली, पण मला आजवर आबांबद्दल कुणी याहून नेमकं बोललेलं आठवत नाही.

मी त्यांच्याबरोबर नानांच्या घरी गेले. नाना ओट्यावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होते. बस म्हणाले, तरी आबा पायरीवर बसले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती ती मला ऐकू येत होती, आणि तशीच त्यांनी ती म्हटली. ‘नाना, बारीकसं काम हुतं. टाकीच्या झाकनाला हवंचं भोक आस्तंय, त्यात शेंदूर जरा बसलाय. कुनाची चूक न्हाई. आक्कांनी त्यांच्या हातानं तेवढा काढला तर इंजनाचं आडनं मिटंल.’ नानांचा अडकित्ता थांबला. त्यांनी आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘म्हंजी आमच्या पूजेनं बंद पडत हुतं म्हन,’ ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. आबा घाईनं म्हणाले, तसं नाही. ‘मग कसं?’ नानांनी विचारलं. मग त्यांनी आत चहा सांगितला. चहा होईपर्यंत ते पिकाचं बोलले, माझ्या परीक्षेचं बोलले. निघताना आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बरं केलंस शामुल, आधी माज्याकडं आलास. आनिक कुनाला बोललास न्हाई ना?’ आबा म्हणाले, नाही.

येताना आबा एकदम हलके झाले होते. उतारावर ते उपासनेतलं एक भजन गुणगुणायला लागले, आणि घरी पोचताच आईला म्हणाले, मिटलं. आईचा विश्वास बसला नाही, पण तिनं गुळाचा सांजा केला. आम्ही भावंडांनी कढईसुद्धा चाटून पुसून घेतली. माझा धाकटा भाऊ मला सांगतो की त्याला त्या घरातला तो सांजा सगळ्यांत जास्त आठवतो. आठवू दे.

सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो तेव्हा नाना स्वतः आलेले होते, आणि आबांच्या जागेवर, इंजनाशेजारी, सुभाष बसला होता. इंजनाच्या डोक्यावर ताज्या शेंदराचा टिळा होता. टाकीचं झाकण मात्र स्वच्छ घासलेलं, त्यावर शेंदराचा ठिपकाही नाही, आणि मधलं भोक मला उभ्या जागेवरून दिसत होतं. उदबत्त्या लावलेल्या होत्या, त्याही पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर. नाना जमलेल्या लोकांना म्हणाले, आज सुभाष बघेल, शामुलला जरा विश्रांती. सुभाषनं हात जोडले, डोळे मिटले, दोरी ओढली. होडी पलीकडं गेली आणि परत आली. इंजन कुठं खोकलंसुद्धा नाही. धक्क्यावरच्या बायांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, बघा, हाताचा गुण असतो. मी तोंड उघडलं आणि आबांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर तिथं वळ उठले होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते नानांकडं बघत होते, आणि नाना त्यांच्याकडं बघत नव्हते.

नानांनी हे आदल्या दिवशी चहा पाजतानाच ठरवलं होतं की नंतर कधी, मला माहीत नाही. आबांनी त्यांना रोग आणि औषध दोन्ही एका वाक्यात दिलं होतं. त्यांना फक्त ते दुसऱ्याच्या हातानं पाजायचं होतं. मी खूप वर्षं नोकरी केली, वर्गात मुलांना न्यायअन्यायाचे धडे शिकवले, आणि त्या प्रत्येक वेळी मला नानांचा तो मऊ आवाज ऐकू आला. ते गेले तेव्हा गावात मोठी शोकसभा झाली. माझ्या भावानं हार पाठवला होता. मी त्याच्याशी काही महिने बोलले नाही, तर त्याला कळेना की झालं काय.

ती विश्रांती संपलीच नाही. आबा रोज सकाळी उठून तोंड धुऊन तयार होऊन बसायचे, आणि खाली धक्क्यावर सुभाष दोरी ओढायचा. आमच्या खोल्यांपासून तो धक्का हाकेच्या अंतरावर. जाताना आवाज, येताना आवाज, दिवसभर. आई त्या काळात भाकरी थापताना उगाच जोरजोरात थापायची. आबांशी ती गरजेपुरतं बोलायची. तिचं म्हणणं एवढंच होतं, की लोकांत उभं राहून एकदा खरं बोला, मग हाकलू देत. आबा म्हणायचे, आता बोललो तर होडी गेली म्हणून बोलतोय म्हणतील. हेही खरंच होतं. ते नेहमी खरंच बोलायचे, फक्त चुकीच्या माणसापुढं. मग खोल्या रिकाम्या करायचा निरोप आला, कारण खोल्या होडी चालवणाऱ्याला होत्या. आम्ही देवळाली प्रवऱ्याला मावशीकडं गेलो. आबा उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर जायला लागले, हंगाम संपला की कुणाच्या विहिरीवर पंप बसवायला. फळीवरचा तो प्लग-पिनांचा डबा आईनं घर हलवताना कुठं टाकला ते तिनं कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षीच्या नाताळात आम्ही आत्याकडं गेलो. आबांची बहीण अजून गावातच राहत होती. जायचं म्हणजे त्याच होडीतून. आबांनी स्वच्छ सदरा घातला होता. सुभाषनं त्यांना मधल्या फळीवर जागा दाखवली, दोन शेळ्यांच्या शेजारी, आणि त्यांनी ती निमूट घेतली. मी समोर बसले. भागवतकाका होडीत होते. आबांना बघून त्यांना खरोखर आनंद झाला, ते उठून त्यांच्याजवळ येऊन बसले, मुलांची चौकशी केली, उसाची चौकशी केली. होडी मध्यावर आली. भागवतकाकांनी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं, जुन्या दोस्ताला सांगावं तसं म्हणाले, ‘शामुल, तवाच येकदा हात जोडले आस्तेस, तर आज तूच मागं बसल्याला आस्तास.’

मी वाट बघत राहिले. आता आबांकडून घेण्यासारखं कुणाकडं काही उरलं नव्हतं. होडी गेली होती, खोल्या गेल्या होत्या, नाना तिथं नव्हते. समोर फक्त एक भला माणूस होता, आणि त्याला एक वाक्य सांगायचं होतं. मी मनातल्या मनात ते वाक्य त्यांच्या तोंडात घालत होते, म्हणा आबा, भोकात शेंदूर बसला होता.

आबांनी पाण्याकडं बघितलं. ‘व्हय,’ ते म्हणाले. ‘चुकलंच माजं.’

मला वाटलं, वेळ मारून नेण्यासाठी म्हणाले असतील. मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. ते मनापासून म्हणत होते.